ताज : एका नावाची पत

डिसेंबर २००७मध्ये ओरिएंट-एक्सप्रेस हॉटेल्स या कंपनीचे प्रमुख पॉल व्हाइट यांनी मुंबईला एक पत्र धाडलं. इंडियन हॉटेल्स कंपनीने, म्हणजे ताजवाल्यांनी, त्यांचे दहा टक्क्यांहून जास्त शेअर विकत घेतले होते आणि दोघांनी हातमिळवणी करावी असा प्रस्ताव पुढे ठेवला होता. व्हेनिसचं चिप्रियानी, रिओचं कोपाकबाना पॅलेस अशी हॉटेलं बाळगून असलेल्या त्या कंपनीने नकार कळवला. नकार द्यायचा हक्क कुणालाही असतो, पण पत्रात दिलेलं कारण जिव्हारी लागणारं होतं. तुमची साखळी मुख्यतः भारतातली, तिच्याशी आमचं नाव जोडलं गेलं तर आमच्याच नावाची किंमत उतरेल, असा त्याचा मथितार्थ होता. भारतात यावर संताप उसळला. २०१२मध्ये ताजने पूर्ण कंपनीसाठी बोली लावली, तीही फेटाळली गेली. पुढे ओरिएंट-एक्सप्रेसने आपलं जुनं नाव टाकून बेलमंड हे नाव घेतलं आणि काही वर्षांतच ती कंपनी फ्रान्सच्या एलव्हीएमएचकडे गेली. इकडे २०२१मध्ये लंडनच्या ब्रँड फायनान्स या संस्थेने जगातला सर्वांत बळकट हॉटेल ब्रँड म्हणून ताजचं नाव जाहीर केलं, २०२२मध्येही तेच.

अशा क्रमवाऱ्यांवर माझा फारसा भर नाही. त्या पाहण्यांवर आणि हिशेबांवर बेतलेल्या असतात आणि दरवर्षी वरखाली होतात. पण एकाच नावाबद्दल चौदा वर्षांच्या अंतराने इतकी टोकाची दोन मतं निघावीत, याचा विचार करावासा वाटतो. मधल्या काळात मुंबईच्या अपोलो बंदरावरची ताजची इमारत तीच होती, घुमट तोच होता, मालकही तेच होते. मग हॉटेलचं नाव नेमकं कशाने घडतं, कुणाच्या जिवावर टिकतं आणि किती ताणता येतं? या पुस्तकाच्या पुढच्या पानांचा विषय हाच आहे. माझं उत्तर इथेच सांगून टाकतो. अशा नावाची पत संगमरवरात किंवा जाहिरातीत साठत नाही. वरिष्ठ समोर नसताना कमी पगाराचा, तरुण कर्मचारी जो निर्णय घेतो, त्यात ती साठते. ताजच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत हे पुन्हा पुन्हा दिसतं, आणि जिथे दिसत नाही तिथे ताजचाही पाय घसरलेला आहे.

सुरुवातीच्या दंतकथा आधी बाजूला करू. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभं राहिलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. तिला भक्कम पुरावा नाही. काही अभ्यासकांनी तिच्याविषयी उघड शंका घेतली आहे, आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी मुंबईला शोभेसं हॉटेल नाही अशी कुरकुर जमशेटजींपाशी लावली होती, असाही एक वृत्तान्त आहे. मला हा दुसरा वृत्तान्त जास्त पटतो, कारण तो काळाशी जुळतो. १८९६मध्ये मुंबईत प्लेग शिरला होता, माणसं शहर सोडून जात होती, व्यापाराचा धीर सुटला होता. अशा शहरात स्वतःच्या पैशाने एवढं मोठं हॉटेल बांधायला घेणं हा शहरावर टाकलेला विश्वास होता. अपमानाच्या गोष्टीत तो विश्वास झाकला जातो. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था असे बेत चालू असताना हा भटारखाना कशाला, असं घरच्याच माणसांनी विचारल्याची आठवण त्यांच्या चरित्रांत येते. तो प्रश्न त्या काळाच्या दृष्टीने रास्तच होता.

दुसरी दंतकथा इमारत उलटी बांधली गेल्याची. परदेशी वास्तुरचनाकाराने नकाशा पाठवला, मुंबईत तो फिरवून वाचला गेला आणि त्या धक्क्याने बिचाऱ्याने जीव दिला, असं गेटवेवरचे गाइड आजही रंगवून सांगतात. यात तथ्य नाही. मूळ प्रवेश शहराच्या बाजूलाच योजलेला होता, कारण घोडागाड्या शहराकडून येत. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, तिथे त्या गाड्या वळत. या दंतकथेने आपलं एक नुकसान केलं आहे. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि पुढचं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने तडीस नेलं. मधोमध वर चढत जाणारा, आधाराशिवाय तरंगल्यासारखा वाटणारा तो प्रसिद्ध जिना सोराबजी कॉन्ट्रॅक्टर यांच्या देखरेखीखाली झाला. मुंबईच्या सर्वांत ओळखीच्या इमारतीचा पहिला नकाशा एका मराठी माणसाने काढला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आत्महत्या केलेला काल्पनिक गोरा सगळ्यांना माहीत असतो, आणि वैद्यांचं नाव घ्यायला कुणी नसतं. ही चूक या पुस्तकाने थोडी जरी दुरुस्त केली, तरी मला समाधान वाटेल.

१६ डिसेंबर १९०३ला हॉटेल उघडलं तेव्हा बांधकाम पुरतं संपलेलं नव्हतं. पण विजेचे दिवे होते, आणि विजेची सामग्री जमशेटजींनी युरोपात स्वतः हिंडून निवडली होती. पुढच्याच मे महिन्यात जर्मनीत त्यांचं निधन झालं. समोर गेटवे नव्हता. तो १९२४मध्ये खुला झाला. म्हणजे वीसेक वर्षं बोटीने मुंबईत येणाऱ्याच्या नजरेत आधी ताजचा घुमट भरायचा. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचं इस्पितळ चाललं.

जमशेटजींबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती नागपूरची. १ जानेवारी १८७७ला त्यांनी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांसाठी १८८६मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड आणि १८९५मध्ये अपघाताची भरपाई, हे त्या गिरणीने कायद्याचा बडगा नसताना केलं. हॉटेलच्या इतिहासात गिरणी कुठून आली, असं वाटेल. पण नोकराशी मालक कसा वागतो, हे शेवटी नोकर पाहुण्याशी कसा वागतो यात उतरतं. ताजच्या वागणुकीचं मूळ मी अपोलो बंदराआधी नागपुरात शोधतो.

पुढची काही दशकं लौकिकाची खरी, पण वाढीची नव्हेत. हॉटेल एकच राहिलं. संस्थानिक उतरायचे, मेजवान्या झडायच्या, १९३३मध्ये हार्बर बार सुरू झाला. मला या काळातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते तिथलं संगीत. १९३०च्या दशकाच्या मध्याला क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे आफ्रिकी-अमेरिकन वादक ताजमध्ये वाजवत होते, आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याची पोरं जॅझ शिकत होती. चर्चच्या शाळेत सोल्फा गिरवलेली, व्हायोलिन आणि ट्रम्पेटवर हात बसलेली ही मुलं पोटापाण्यासाठी मुंबईत आलेली. १९३९पासून मिकी कोरिया यांचा बँड इथे वीसेक वर्षं वाजत राहिला. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले, त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, असा या मंडळींचा शिरस्ता. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी हा ताल उचलला, आणि १९५१च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. ताजच्या बॉलरूममध्ये ज्याला आयुष्यात पाऊल टाकता आलं नाही, त्या गिरणगावातल्या माणसाच्या कानांपर्यंत ताजचं संगीत असं पोचलं. हॉटेलचा लौकिक पाहुण्यांपुरता नसतो तो असा.

वाढ सुरू झाली ती सत्तरच्या दशकात, आणि तिचं श्रेय बहुतांशी अजित केरकर यांना जातं. साठच्या दशकात ते खानपान विभागात आले आणि दशक संपता संपता सूत्रं त्यांच्या हाती आली. तोवर कंपनीपाशी सत्तर वर्षांचं एकच हॉटेल होतं. १९७१मध्ये उदयपूरचं लेक पॅलेस, १९७२मध्ये जयपूरचं रामबाग पॅलेस, १९७३मध्ये मुंबईत ग्रीन्स हॉटेलच्या जागी नवा टॉवर, १९७४मध्ये मद्रासचं कोरोमंडल आणि गोव्याचं फोर्ट आग्वाद, १९७८मध्ये दिल्लीत मानसिंग रोडवरचं ताज, १९८२मध्ये लंडनचं सेंट जेम्स कोर्ट.

यातल्या राजवाड्यांपाशी जरा थांबायला हवं. १९७१च्या अखेरीस घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. शेकडो खोल्यांचे वाडे, दरवर्षी गळणारी छपरं, नोकरांचा राबता, आणि उत्पन्न शून्य. उदयपूरच्या महाराणांनी तळ्यातल्या महालाचं हॉटेल १९६३मध्येच केलं होतं, पण हॉटेल चालवणं हा वेगळा धंदा आहे हे त्यांना उमगलं होतं. केरकरांनी ओळखलं ते इतकंच की वाडा विकत घ्यायची गरज नाही, तो चालवायला घ्यावा. राजाचा वाडा राजाचाच राहिला, छपराला पैसा मिळाला, कुलूपबंद दालनांत दिवे लागले. प्रवाशाला वाड्यात राहायला मिळालं आणि ताजला अशा वास्तू मिळाल्या ज्या कुठल्याही भांडवलावर नव्याने बांधता येणार नाहीत. भारतीय पर्यटनातली ही एक अव्वल कल्पना होती, आणि तिचा उगम सरकारी कायद्यात होता हे विसरू नये. त्यातच पुढच्या सगळ्या वाढीचं बीही आहे: इमारत दुसऱ्याची, नाव आणि माणसं आपली.

केरकरांच्या काळात कॅमेलिया पंजाबींनी जेवणाच्या बाजूला वळण दिलं, एलिझाबेथ केरकर यांनी अंतर्गत सजावटीला. १९७३मध्ये मुंबईच्या ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन उघडलं आणि सेच्वान प्रांताचं झणझणीत चिनी जेवण भारतात आलं. आज दादरच्या गाडीवर तव्यावर पसरल्या जाणाऱ्या ‘शेजवान’ डोशापर्यंतची एक वाट तिथून निघते. लंडनमध्ये १९८२ला बॉम्बे ब्रॅसरी सुरू झालं, तेव्हा करी हाऊसपलीकडचं भारतीय जेवण तिथल्या खवय्यांनी पाहिलं. १९८३च्या राष्ट्रकुल परिषदेचे नेते विश्रांतीसाठी आग्वादला उतरले आणि गोव्याचं नाव हिप्पींच्या पलीकडे जगभर गेलं. त्या किनाऱ्यावर पुढे जे जे बांधलं गेलं त्यातलं सगळंच चांगलं नाही. किनारी गावांनी त्याची किंमत मोजली आहे. पण त्याचा दोष एका हॉटेलावर टाकणं अन्यायाचं होईल. १९९७मध्ये टाटांशी बिनसून केरकर पायउतार झाले. त्या वादाची बाजू कुणाचीही घ्या, साखळी उभी केली ती त्यांनी, हे मान्य करावंच लागतं.

आता २६ नोव्हेंबर २००८चा दहशतवादी हल्ला. त्या रात्रीचे तपशील आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले, नको इतके पाहिले. ताजमध्ये ३१ जीव गेले. मेजर संदीप उन्नीकृष्णन तिथे पडले, राज्य राखीव पोलीस दलाचे राहुल शिंदे तिथे पडले. हॉटेलचे सरव्यवस्थापक करमबीर सिंग कांग यांची पत्नी आणि दोन मुलं सहाव्या मजल्यावरच्या आगीत गेली, आणि तरी ते पाहुण्यांना बाहेर काढण्याच्या कामावर राहिले. पुढे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रोहित देशपांडे यांनी अंजली रैना यांच्यासह कर्मचाऱ्यांशी बोलून त्या रात्रीचा अभ्यास केला. त्यातली एक-दोन दृश्यं इथे मांडावी लागतील.

मेजवानीच्या एका दालनात पाहुणे जमले होते. बाहेर गोळ्यांचे आवाज सुरू झाले. तिथल्या तरुण व्यवस्थापिकेने दारं बंद करवली, दिवे घालवले, सगळ्यांना टेबलांखाली झोपायला सांगितलं. मग तिने नवरा-बायकोंना वेगवेगळ्या ठिकाणी बसवलं. एखादा कोपरा सापडला तर घरातले दोघंही एकदम जाऊ नयेत, मागे मुलांना कुणीतरी उरावं, हा हिशेब. रात्रभर कर्मचारी सरपटत पाणी पोचवत राहिले, कुणाला काही हवं का ते विचारत राहिले. असा प्रसंग कुठल्याही प्रशिक्षणाच्या वहीत लिहिलेला नसतो. दुसरीकडे टेलिफोन ऑपरेटर बाहेर सुखरूप काढल्या गेल्या होत्या. त्या परत आत गेल्या, बोर्डावर बसल्या आणि खोल्याखोल्यांत फोन करून सांगत राहिल्या की दार उघडू नका, दिवा लावू नका, खिडकीपासून दूर राहा. त्यांना परत जा असं कुणी सांगितलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या माणसांनी पाहुण्यांभोवती कडं केलं आणि त्यातले काही पाहुण्यांच्या आधी मेले. मेलेल्यांत जवळजवळ एक तृतीयांश हॉटेलचे कर्मचारी होते.

देशपांडे-रैना यांनी याची कारणं शोधली. ताज भरतीसाठी महानगरांपेक्षा लहान शहरांकडे वळतं: मुंबईऐवजी पुणे, दिल्लीऐवजी चंदीगड-डेहराडून. मुलाखतीत थोरांविषयीचा आदर, हसतमुखपणा आणि घरची गरज पाहिली जाते. इतरत्र बारा महिन्यांचं असलेलं प्रशिक्षण इथे अठरा महिन्यांचं. शिकवतात ते बाहेरचे सल्लागार नव्हेत, ताजमध्येच वाढलेले लोक. कंपनी आणि पाहुणा यांच्यात ओढाताण झाली तर पाहुण्याच्या बाजूने उभं राहायचं, असं नव्या मुलाला सांगितलं जातं. चांगलं काम कुणी केलं की त्याची दखल लगेच घेण्याची पद्धत २००१पासून आहे, कारण महिन्यांनी मिळालेली शाबासकी कामाशी जुळत नाही. आणि या सगळ्याचा गाभा एका आकड्यात आहे. चोवीस तासांच्या मुक्कामात पाहुण्याचा कर्मचाऱ्यांशी सरासरी ४० ते ४५ वेळा संबंध येतो, आणि बहुतेक वेळा वरिष्ठ जवळ नसतो. दार उघडणारा, सामान उचलणारा, चादर बदलणारी, चहा आणून ठेवणारा. त्या रात्री या सवयीची परीक्षा गोळीबारात झाली.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच रात्री सीएसटी स्थानकात पन्नासहून अधिक माणसं मारली गेली, ताजपेक्षा कितीतरी जास्त. बाहेरगावच्या गाडीची वाट पाहत पथाऱ्या टाकलेली माणसं. कॅमेरे मात्र घुमटाकडे वळले आणि तीन दिवस तिथेच राहिले. नावाच्या वलयात हा अन्यायही असतो. दुःखाचीसुद्धा प्रतवारी लागते. त्यात ताजच्या कर्मचाऱ्यांचा दोष नाही, आणि हल्ल्यानंतर टाटांनी जो विश्वस्त निधी उभारला त्याने हॉटेलाबाहेरच्या पीडितांनाही हात दिला. तरी ताजविषयी लिहिणाऱ्याने सीएसटीचं नाव घेतल्याशिवाय त्या रात्रीबद्दल लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

टॉवर २१ डिसेंबर २००८ला, महिन्याच्या आतच उघडला. जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१०ला. ओरिएंट-एक्सप्रेसने हिणवल्याला तीनही वर्षं झाली नव्हती. २०१७मध्ये या इमारतीचं चित्रच ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं. भारतात हा मान मिळालेली ही पहिली वास्तू.

पण नाव मोठं झालं म्हणून सगळे निर्णय बरोबर आले असं नाही. परदेशातल्या खरेदीत कंपनीने पैसा अडकवला. बॉस्टनचं हॉटेल सुमारे १७ कोटी डॉलरना घेतलं आणि २०१६मध्ये साडेबारा कोटींना विकलं. नावाच्या बाबतीतही चाचपडणं झालं. २००४मध्ये बंगळूरला स्वस्त, नेटक्या खोल्यांचं हॉटेल काढलं, पुढे ते जिंजर झालं. त्याला ताज म्हटलं नाही, हे शहाणपणाचं होतं. मग मधल्या दराच्या हॉटेलांना ‘विवांता बाय ताज’ केलं. २०१७मध्ये जिंजर सोडून सगळ्यांना पुन्हा एकाच ताज नावाखाली आणायचं ठरलं. त्याच वर्षाअखेर पुनीत छतवाल कंपनीचे प्रमुख म्हणून आले आणि तो निर्णय फिरवला गेला: ताज वेगळं, विवांता वेगळं, जिंजर वेगळं. दहा वर्षांत तीनदा दिशा बदलली. पाच हजारांच्या खोलीवर आणि पन्नास हजारांच्या खोलीवर एकच नाव लावलं तर स्वस्त खोलीची किंमत वाढत नाही, महागडीची उतरते, हे शेवटी पटलं.

नावाची किंमत रोख पैशांत पाहायची असेल तर दिल्लीकडे पाहावं. मानसिंग रोडची जागा नवी दिल्ली नगरपालिकेची. भाडेपट्टा संपला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१८मध्ये लिलाव झाला. आधी उत्पन्नाचा सव्वासतरा टक्के वाटा पालिकेला जात होता. ताजने साडेबत्तीस टक्के देऊन ते हॉटेल हातात ठेवलं.

छतवाल यांच्या काळात कंपनीने जवळचं भांडवल इमारतींत गुंतवणं कमी केलं. आता बहुतेक नवी हॉटेलं करारावर चालतात. जमीन, इमारत, कर्ज मालकाचं. ताज ती चालवतं आणि उत्पन्नाचा काही टक्के व नफ्याचा काही वाटा घेतं. उदयपूरच्या तळ्यात सुरू झालेला तोच मार्ग, पण प्रमाण वेगळं. नोव्हेंबर २०२४मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०३०पर्यंत सगळे ब्रँड मिळून ७०० हॉटेलांचा पल्ला गाठायचा.

माझं कुतूहल आणि माझी काळजी, दोन्ही इथे येऊन ठेपतात. नवं हॉटेल उघडताना जुन्या हॉटेलातली मुरलेली माणसं विरजणासारखी तिथे पाठवायची, ही या धंद्यातली रीत. विरजण थोडं असलं तरी चालतं, पण त्यालाही मर्यादा आहे. करारावर चालणाऱ्या हॉटेलात कर्मचाऱ्यांच्या पगाराचा भार बहुधा मालक उचलतो. त्याचं बँकेचं कर्ज डोक्यावर असतं आणि त्याला दर तिमाहीला आकडे हवे असतात. अठरा महिन्यांचं प्रशिक्षण त्याला उधळपट्टी वाटू शकतं. बारा महिन्यांत भागेल, नऊमध्ये भागेल, असं म्हणणारा मालक वाईट नसतो, तो फक्त हिशेब करत असतो. पुण्याची, कोल्हापूरची, डेहराडूनची मुलं शेकड्यांऐवजी हजारांनी लागतील, तेव्हा त्यांच्यातला तो आदर आणि हसतमुखपणा तपासायला कुणाला किती वेळ मिळेल? आणि रात्री अकराला पाहुण्याच्या बाजूने निर्णय घेणाऱ्या पोराच्या पाठीशी सकाळी कोण उभं राहील, ताज की इमारतीचा मालक? याचं उत्तर देणारं करारातलं कलम वाचकांनी या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणांत शोधावं. व्यवस्थापनाच्या अहवालांतल्या खोल्यांच्या संख्येपेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.